बाबागाडी आणि दुकानाची पायरी : मदत कुणाकडे मागायची, कशाची मागायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बाळ दहा महिन्यांचं, सोबत बाबागाडी आणि बहुतेक वेळा तुम्ही एकट्याच. पुण्यात कपड्यांच्या किंवा किराणाच्या दुकानात गेलं की आधी पायऱ्यांशी अडायला होतं, मग आत रॅकच्या मधे. कर्मचारी समोर उभे असतात, पण कुणी पुढे होत नाही. एका दुकानात तर गाडी बाहेरच ठेवा म्हणाले. 'त्यांनी मदत करावी ही माझी अपेक्षा चुकते आहे का?' असं तुम्ही विचारलंत.

अपेक्षा चुकीची नाही. अडचण अशी आहे की 'मदत' या एका शब्दात आपण दोन निरनिराळी कामं भरतो. एक, वाट मोकळी करून देणं : दाराची दुसरी फळी उघडणं, आडवा आलेला खोका सरकवणं, वरच्या मजल्यावरचा माल खाली आणून दाखवणं. दुसरं, बाळासकट गाडी उचलणं. पहिलं काम दुकानाचंच आहे, आणि ते फक्त दुकानातलाच माणूस करू शकतो. ते हक्काने मागा. दुसरं शक्यतो मागूच नका. दुकानांची आतली मांडणी आणि काउंटरवरच्या लोकांचं प्रशिक्षण हे माझं रोजचं काम आहे, आणि आईवडील व कर्मचारी यांच्यात खटका उडतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या कामावरून.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. बाळाची मान आणि पाठ धरलेली आहे का, गाडी छत्रीसारखी मिटणारी आहे की मोठी, दुकान मॉलमधलं आहे की रस्त्यावरचं, आणि तुमची प्रसूती होऊन किती दिवस झाले. सिझेरियननंतरचे पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका असं डॉक्टर साधारणपणे सांगतात. हिशोब मांडून बघा : बाळ ८-९ किलो, हलकी गाडी ५ ते ७ किलो, मोठी असेल तर १० ते १३, वर डायपरची पिशवी २-३ किलो. म्हणजे पायरीपाशी तुमच्या हातात १५ ते २५ किलो असतात, तेही तोल सतत बदलणारे.

पायऱ्यांपासून सुरुवात करते. रस्त्यावरच्या दुकानांचे ओटे उंच असतात याचं कारण पावसाचं पाणी. ते आत येऊ नये म्हणून जोतं वर घेतलेलं असतं. तीन पायऱ्या म्हणजे साधारण ४५ सेंमी. रॅम्पचा सुरक्षित उतार १ : १२ धरतात, म्हणजे दर १ सेंमी उंचीला १२ सेंमी लांबी. ४५ सेंमी चढायला ५.४ मीटर लांब रॅम्प लागेल. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानाला तेवढी जागा मिळणार कुठून? म्हणून तिथे रॅम्प नाही याचा राग दुकानदारावर काढण्यात फारसा अर्थ नाही. एकच पायरी असेल, १५ सेंमीची, तर १.८ मीटरची सुटी फळी पुरते, आणि तेवढी मात्र दुकानाने ठेवायला हरकत नाही. काही दुकानं हात-दीड हाताचा प्लायचा तुकडा टेकवून 'रॅम्प आहे' म्हणतात. तो चढ इतका उभा होतो की पावसाळ्यात ओल्या चपलेने तुमचाच पाय सटकेल. त्यावर गाडी घालू नका.

एकटं असताना एक पायरी चढायची असेल तर पाठमोऱ्या व्हा. गाडीचं तोंड दुकानाकडे करून पुढची चाकं वर चढवायचा प्रयत्न सगळे करतात, आणि फसतात. पुढची चाकं लहान आणि फिरती असतात. १३-१५ सेंमी व्यासाचं चाक तीन-साडेतीन सेंमीच्या वरचा अडथळा सहसा ओलांडत नाही, आडवं वळतं आणि अडकतं. त्याऐवजी तुम्ही पायरीवर पाठमोऱ्या चढा, मागची चाकं पायरीच्या कडेला टेकवा, दांडा थोडा खाली दाबून गाडी मागे कलवा आणि चाकं कडेवरून ओढून घ्या. बाळाचे पट्टे आधी लावलेले हवेत, आणि दांड्याला लटकवलेली पिशवी आधी खांद्यावर घेतलेली हवी. उतरताना दिशा बदलायची नाही : गाडीचं तोंड रस्त्याकडे, तुम्ही वर, मागच्या चाकांवर भार ठेवून हळूच खाली.

दोन किंवा जास्त पायऱ्या असतील तर क्रम ठरलेला आहे. बाळ बाहेर काढा, कडेवर किंवा बेबी कॅरियरमध्ये घ्या, गाडी मिटा, आणि मिटलेली रिकामी गाडी वर न्यायला माणूस मागा. सहा किलोची मिटलेली गाडी कुणीही एका हाताने नेतो, नाही म्हणत नाही.

कधी इलाजच नसतो, बाळ झोपलेलं असतं, आणि दोघांनी मिळून गाडी उचलायची वेळ येते. मग एवढं नक्की करा. चढताना आणि उतरतानाही दांड्याची बाजू वर, आणि दांडा तुमच्याकडे. म्हणजे बाळ मागे कलून पाठीवर राहतं, पुढे घसरत नाही. खालच्या माणसाच्या हातात जास्त भार येतो, म्हणून खाली ताकदीचा माणूस हवा. त्याने पुढच्या चाकांच्या वरची मुख्य नळी धरायची. बाळाच्या समोरची आडवी दांडी धरू द्यायची नाही, कारण ती बटण दाबलं की निघते. पाय ठेवायची फळीही नाही, ती बिजागरीवर असते. चाकं तर मुळीच नाही. बऱ्याच गाड्यांची चाकं एका खटक्यावर सुटतात. मदतीला आलेला माणूस स्वाभाविकपणे या तीनपैकीच काहीतरी धरतो, कारण तेच हाताला सोपं लागतं. त्याला आधी बोट दाखवून सांगा : 'दादा, इथे धरा.' मग 'उचलू?' असं विचारा आणि दोघांनी एकदम उचला. छत्रीसारखी गाडी असेल तर उघडल्यावर खालचं कुलूप पूर्ण बसलंय का ते पायाने दाबून बघा; अर्धवट बसलेली गाडी उचलताना मिटू शकते.

कर्मचारी स्वतःहून पुढे का होत नाहीत, हे कळलं तर निम्मा राग शांत होतो. कपड्यांच्या दुकानात प्रत्येकाला काउंटर नेमून दिलेला असतो आणि तो सोडला तर बोलणी बसतात. दारातला सुरक्षारक्षक बहुधा एजन्सीचा असतो; दार सोडायचं नाही ही त्याला पहिली सूचना असते. सुपरमार्केटमध्ये वेगळ्या रंगाचा टीशर्ट घातलेली मुलं-मुली तेल, साबण, चहा विकताना दिसतात, ती बरेचदा त्या त्या कंपनीची माणसं असतात, दुकानाची नव्हेत. त्यांना खोका हलवायचा अधिकार नसतो. आणि जवळजवळ सगळ्यांना एक भीती असते : बाळाला हात लावला आणि काही झालं तर? अनेक ठिकाणी 'ग्राहकाचं मूल उचलायचं नाही' असं शिकवतात, आणि मीही तसंच शिकवते. म्हणून 'बाळाला जरा धरता का?' हे वाक्य टाळा. त्यावर माणूस गोठतो, आणि तुम्हाला ते तुसडेपण वाटतं.

त्याऐवजी नेमकं, छोटं, आणि एका माणसाकडे बघून मागा. 'कुणीतरी मदत करा ना' यावर चौघे एकमेकांकडे बघतात. 'दादा, दाराची दुसरी फळी उघडाल का?' यावर समोरचा लगेच वाकतो. दारापाशी रक्षकाला विचारा, रॅकमध्ये दुकानाच्या गणवेशातल्या माणसाला, बिलापाशी कॅशियरला, आणि छोट्या दुकानात थेट गल्ल्यावर बसलेल्या शेठला. गल्ल्यावरून शब्द आला की काउंटरवरचा मुलगा काउंटर सोडू शकतो, एरवी नाही. मागणी एका मिनिटात होणारी असावी. तेवढ्यासाठी क्वचितच कुणी नाही म्हणतं.

दारांबद्दल बोलते, कारण तिथे फार वेळा उगाच वाद होतो. काचेचं दोन फळ्यांचं दार असतं, त्यातली एक फळी खालच्या कडीने जमिनीत अडकवलेली असते. उघडी असते ती फळी तुमच्या गाडीला पुरेलच असं नाही. गाडी छत्रीवाली असेल तर ४५-५० सेंमी रुंद, मोठी असेल तर ५५ ते ६५, आणि जुळ्यांची शेजारी-शेजारी बसायची असेल तर ७० ते ८०. आपल्या गाडीची मागच्या चाकांपाशीची रुंदी, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, घरी एकदा टेपने मोजून लक्षात ठेवा; सगळ्यात रुंद भाग तोच असतो. मॉलच्या दारातल्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून जुळ्यांची गाडी घासते किंवा जातच नाही. शेजारी व्हीलचेअरसाठी वाट असते, ती उघडून मागा. व्हीलचेअरच्या दाराला ९० सेंमी मोकळी रुंदी धरतात, त्यामुळे कुठलीही गाडी तिथून जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक वापराच्या इमारती व्हीलचेअरला सुगम असायला हव्यात. त्यात बाबागाडीसाठी वेगळा हक्क सांगितलेला नाही, पण जो रॅम्प, जी लिफ्ट, जे रुंद दार त्यांच्यासाठी आहे ते तुमच्याही उपयोगाचं आहे. मात्र लिफ्टपाशी व्हीलचेअर थांबलेली असेल तर पहिली ती जाईल. तुमची गाडी मिटते, त्यांची खुर्ची म्हणजे त्यांचे पाय आहेत.

आतल्या वाटांचा अंदाज फरशीवरून घ्या. आजकाल बहुतेक दुकानांत ६० × ६० सेंमीची फरशी असते. रॅक ते रॅक दीड फरशी असेल तर ९० सेंमी. एक गाडी सरळ जाते, पण समोरून ट्रॉली आली की एकाला मागे जावं लागतं. अडीच फरश्या असतील तर दोघं जातात. अडकायला होतं ते बहुतेक वाटेच्या टोकाला, वळणावर. तिथे स्कीमचा माल रचून ठेवतात आणि दीड फरशीची एक होते. आत शिरण्याआधी टोक बघा. बंद दिसलं तर गाडी तोंडाशी ब्रेक लावून उभी करू नका, गणवेशातल्या माणसाला नाव सांगून वस्तू मागा. 'तूरडाळ एक किलो, आणि तिसऱ्या नंबरचे डायपर' एवढं तो आणून देतो. गाडी बाळासकट रॅकपाशी सोडून दोन पावलं आत जाणंसुद्धा नको. वरून डबा पडतो, कुणाची ट्रॉली आपटते, आणि नऊ-दहा महिन्यांचं मूल हाताला येईल ते ओढतं.

वेळ निवडता आली तर निम्मे प्रश्न उरतच नाहीत. महिन्याच्या १ ते १० तारखांत किराणा भरायची गर्दी असते. सुपरमार्केट उघडल्या उघडल्या मांडणी चालू असते आणि वाटेत खोके असतात. त्यानंतर तासाभराने, मधल्या वारी, वाटा सगळ्यात मोकळ्या मिळतात. तुळशीबागेत मात्र कुठल्याही वेळी गाडी नेऊ नका, कॅरियर न्या. तिथल्या गल्ल्यांत दोन माणसं एकमेकांना घासून जातात आणि लटकवलेल्या मालाची टोकं बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. जंगली महाराज रस्त्याच्या रुंद केलेल्या फूटपाथवर गाडी छान चालते. लक्ष्मी रस्त्यावर सणाच्या दिवसांत ती न्यायचा विचारच सोडा. पुणे महापालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन सुरू केला आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवला. बाबागाडी घेऊन हा रस्ता बघायचा तर असा दिवस. खडबडीत फूटपाथवर पुढची चाकं सरळ लॉक करा आणि दुकानात शिरल्यावर सोडा. लॉक न करता गेलात तर गटाराच्या जाळीच्या फटीत चाक आडवं अडकतं.

सरकत्या जिन्याबद्दल मला कुठलीच सवलत मान्य नाही. बाळ गाडीत असेल तर त्यावर गाडी नेऊ नका, रक्षक 'चला मी धरतो' म्हणाला तरी नाही. पायरीची खोली साधारण ४० सेंमी असते आणि गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर त्याहून जास्त, म्हणून चाकं वेगवेगळ्या पायऱ्यांवर जातात आणि गाडी ३० अंशांच्या आसपास कलते. ब्रेकचा तिथे काही उपयोग नाही, कारण चाक पायरीच्या कडेवर टेकलेलं असतं. खरा धोका वरच्या टोकाला आहे : पुढची चाकं दात्यांच्या पट्टीला अडतात, गाडी थांबते, मागून येणारी माणसं थांबू शकत नाहीत. पायऱ्यांऐवजी उतरता सरकता पट्टा असतो तिथे दुकानाच्या ट्रॉलीची चाकं खाचांत रुतून बसावी अशी मुद्दाम बनवलेली असतात, बाबागाडीची नसतात.

म्हणून लिफ्ट. मॉलमधली लिफ्ट कोपऱ्यात असते आणि तिथे रांग असते, हे खरं. त्यासाठी दहा मिनिटं वेगळी धरा. लिफ्टमध्ये आधी तुम्ही पाठमोऱ्या शिरा आणि गाडी मागून ओढून घ्या. गाडी आधी ढकलली आणि दार मिटायला लागलं तर बाळ आत आणि तुम्ही बाहेर अशी वेळ येऊ शकते. जुन्या लिफ्टच्या दारात अडथळा ओळखणारा एकच किरण असतो, गुडघ्याच्या आसपास. गाडीची बारीक नळी त्याला कधी कधी दिसत नाही, म्हणून एक हात दारावर ठेवा किंवा आतल्या माणसाला बटण दाबून धरायला सांगा. जुन्या इमारतीतली जाळीची लिफ्ट असेल तर गाडी मिटून बाळ कडेवर घ्या. जाळीच्या फटीत लहान बोटं जातात. सहा माणसांची लिफ्ट आत जेमतेम एक मीटर खोल असते, पाठ आडवी केलेली गाडी तिच्यात मावत नाही. पाठ आधी उभी करून घ्या.

बाहेर गाडी ठेवायला सांगितलं त्याबद्दल. दुकानदाराची कारणं दोन असतात : वाट अडते, आणि खालच्या टोपलीत माल जाऊ शकतो. दुसरं कारण कुणी तोंडावर बोलून दाखवत नाही, पण ते असतं. टोपली रिकामी ठेवा, शिरताना आणि निघताना स्वतःहून दाखवा. संशयाला जागाच राहत नाही. तरीही 'बाहेर ठेवा' म्हणाले तर 'बाहेर नको, दाराच्या आत ठेवते, मिटून' असं सांगा. हे बहुतेक मान्य होतं. मिटलेल्या गाडीला सायकलची बारीक केबल आणि कुलूप लावा, त्यावर पिशवी ठेवू नका. साड्यांच्या दुकानात गादीवर बसायचं असतं आणि चपला बाहेर काढायच्या असतात, तिथे चाकंही चपलांच्याच जागी राहतील, हे आपणच समजून घ्यावं. उलट तिथे एक गोष्ट निःसंकोच मागा : बाळाला पाजायला दहा मिनिटं ट्रायल रूम. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, दुकानात नसतो, पण ट्रायल रूम असते आणि काउंटरवरच्या ताई ती नक्की देतात.

बिलापाशी शेवटचा अडथळा. ट्रॉली आणि बाबागाडी एकट्या माणसाला एकदम चालवता येत नाही. कॅरियर आणि ट्रॉली, किंवा बाबागाडी आणि हातातली टोपली, यातलं एक आधीच ठरवा. बाळ नीट बसत असेल तर ट्रॉलीच्या बैठकीत बसवता येतं, पण पट्टा असेल तरच. तिथून पडलं तर जवळपास एक मीटरवरून डोक्यावर पडतं. पाच लिटरचा तेलाचा डबा साडेचार किलोचा असतो. तो दांड्याला लटकवला आणि बाळाला कडेवर घेतलं की रिकामी गाडी मागे उलटते. जड सामान घरपोच पाठवायला सांगा. बिलाची वाट अरुंद असेल तर कॅशियरला रुंद काउंटर कुठला ते विचारा, आणि नसेल तर बाजूने सामान घ्यायला सांगा.

ज्या दुकानात नेहमी जाता तिथे तक्रार 'तुमची माणसं मदत करत नाहीत' अशी करू नका. त्यावर मालक माणसांना रागावतो आणि पुढच्या वेळी तीच माणसं तुम्हाला टाळतात. मोजमाप सांगा : 'डाळींच्या वाटेच्या टोकाला एकच फरशी जागा आहे, दीड करा', 'दाराची दुसरी फळी सकाळपासून उघडी ठेवा', 'एक पायरी आहे, १.८ मीटरची फळी ठेवा'. सोबत फोटो पाठवा. स्कीमचा माल एक फरशी मागे सरकवायला दुकानाला काही खर्च येत नाही, आणि संध्याकाळपर्यंत ते होऊनही जातं.